बैलाचा वार

माझ्या लहानपणी अहमदपुरात आमच्या गल्लीला सोमवारी तेल मिळत नसे.

गल्लीच्या तोंडाशी आप्पांचा घाणा होता. आप्पा लिंगायत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात कोपऱ्यांवर तेलानं काळवंडलेली बंडी. करडीचा हंगाम संपला की घाण्याची कुरकुर पहाटेपासून ऐकू यायची. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल लाटेभोवती फिरत राहायचा आणि खालच्या भांड्यात तेलाची धार पडायची. शेंगेचं तेल सणासुदीला, रोजच्या फोडणीला करडीचंच. आई माझ्या हातात दोरी बांधलेली बाटली द्यायची आणि बजावायची, "उद्या सोमवार हाय, आजच घिऊन ये. उद्या बैल बसतो."

उद्या बैल बसतो. एवढंच. तो का बसतो, हे आईनं सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मंगळवारी बाजार, गुरुवारी दत्ताची आरती, शुक्रवारी दुपारी मशिदीकडं निघालेल्या पांढऱ्या टोप्या, तसा सोमवारी आप्पांचा बैल. सोमवारी मी तिथून गेलो तर तो परड्यात कडब्याशी उभा असायचा, धुतलेला, झापडं काढलेला. त्याचे डोळे त्या दिवशी दिसायचे. मोठे, ओलसर, जरासे गोंधळलेले. सहा दिवस जग झाकून ठेवल्यावर सातव्या दिवशी एकदम दिसलं की कुणीही गोंधळेल.

हा बैल मी पन्नास वर्षं विसरून गेलो होतो. त्याची आठवण झाली ती अमेरिकेतून आलेल्या फोनमुळं.

भाचा लॉस एंजेलिसला असतो. एका रविवारी त्यानं फोन केला. "मामा, आज एक भारी म्युझियम पाहिलं. नावच 'म्युझियम ऑफ टॉलरन्स'. ज्यू लोकांनी काढलंय." मी म्हटलं, सहिष्णुतेचं संग्रहालय? तिच्यात बघायला काय ठेवतात? तो हसला. "ऐका तर. आत जायला दोन दारं हायेत. एकावर लिहिलंय, ज्यांच्या मनात पूर्वग्रह आहेत त्यांच्यासाठी. दुसऱ्यावर, ज्यांच्या मनात नाहीत त्यांच्यासाठी. तुम्ही असता तर कोणत्या दारानं गेला असता?"

"दुसऱ्या," मी म्हटलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आणखी काय म्हणणार?

"सगळेच तिकडंच जातात, मामा. पण ते दार उघडतच नाही. कुलूप हाय."

फोन ठेवल्यावर मला जरा राग आला. दार लावून ठेवून माणसाला शहाणपण शिकवायची ही कोणती तऱ्हा? पण राग दोन दिवस गेला नाही, तेव्हा कळलं की कुलूप नेमक्या जागी लागलं आहे. मग मी त्या संग्रहालयाबद्दल वाचलं. नाझी छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्या आणि पुढं आयुष्यभर नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या सायमन विझेंथाल यांच्या नावानं एक संस्था आहे. तिनं हे संग्रहालय 1993 साली उघडलं. आमच्याकडं ते किल्लारीच्या भूकंपाचं वर्ष. ज्यूंचा संहार कसा झाला एवढं सांगून ते थांबत नाही, तसा द्वेष आज तुमच्या बोलण्यात कुठं दडून बसला आहे, हेही विचारतं.

ज्यूंबद्दल वाचायला लागलो तो वाचत वाचत आपल्याच कोकणात येऊन पोचलो. आणि तिथं मला तेली भेटले.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची परंपरागत कथा आहे. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कथेप्रमाणं बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं, आणि आज तिथं स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत पसरले आणि गावांची नावं लावू लागले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चौलकर, राजपुरीचे राजपूरकर. त्यांनी धंदा धरला तो तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

ते दोन शब्द वाचले आणि आप्पांचा बैल परड्यातून मान वळवून माझ्याकडं बघू लागला.

महाराष्ट्राच्या एका टोकाला समुद्राकाठी शनिवारी बैल सुटत होता. दुसऱ्या टोकाला, बालाघाटाच्या डोंगराळ माथ्यावर, सोमवारी. सोमवार महादेवाचा आणि बैल म्हणजे त्याचा नंदी, म्हणून लिंगायत माणूस त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसणार, असा मी तर्क केला. शनिवारची गोष्ट ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या दहा आज्ञांमधली. ती आज्ञा मी मुद्दाम शोधून वाचली. सातव्या दिवशी कुणी काम करू नये, यात मालक येतो, मुलगा-मुलगी येते, गडी-मोलकरीण येते, दारी आलेला परका येतो. आणि त्याच यादीत, नाव घेऊन, बैल आणि गाढवही येतं. परक्याला आणि बैलाला सुट्टी द्या, असं देवानं एका दमात सांगावं, हे मला फार आवडलं. दोघंही बिनबोलते. दोघांच्या वतीनं कुणीतरी आधीच बोलून ठेवावं लागतं.

त्याच ग्रंथात पुढं आहे की मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका. हे वाचताना मला हसू आलं आणि जरा शरमही वाटली. आमच्या खळ्यावर मुसकी बांधलेलेच बैल मी पाहिले होते. आणखी एके ठिकाणी, पीक कापताना शेताचा कोपरा तसाच राहू द्या, खाली पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबाची आणि परक्याची. आमच्याकडं त्याला सरवा म्हणतात. ज्वारी काढून झाली की बायका-पोरं सरवा वेचायला शेतात उतरायची आणि बरे शेतकरी तिकडं पाठ करून उभे राहायचे. दिसलं तर देणारा मोठा होतो आणि घेणारा लहान. पाठ केली म्हणजे कुणीच लहान होत नाही.

निवृत्तीनंतर एकदा अलिबागला गेलो. तिथल्या इस्रायल आळीत मागेन आबोथ नावाचं प्रार्थनागृह आहे. ते पहिल्यांदा 1848 साली उभं राहिलं. आळीतली बहुतेक माणसं केव्हाच निघून गेली. भारतात एकेकाळी वीसेक हजार बेने इस्रायल होते. आज सगळ्या ज्यूंची बेरीज केली तरी देशात पाच हजार भरत नाहीत. मी प्रार्थनागृहाच्या दाराशी बराच वेळ उभा होतो. नारळीच्या झावळ्यांची सावली पायरीवर हलत होती आणि शेजारच्या घरातून माशाच्या कालवणाचा वास येत होता.

मला तिथं जास्त करून भाषेचं नवल वाटत होतं. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवर सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल यांनी 1796 साली मुंबईतलं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल देवाचे आभार म्हणून. त्याला त्यांचीच माणसं 'जुनी मशीद' म्हणत. पुण्यात कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधलेलं लाल विटांचं प्रार्थनागृह आहे, त्याला सगळं पुणं 'लाल देऊळ' म्हणतं. धर्म एक, आणि त्याचं घर मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ. नव्या पाहुण्याला मराठीनं वेगळा पाट मांडला नाही, जो रिकामा होता त्यावर बसवलं.

पाहुणेही अवघडून बसले नाहीत. 1880 च्या सुमारास त्यांनी मराठीत कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, मोशे, एलिया यांची आख्यानं, आणि साज ओव्या-अभंगांचा. 1874 साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर निघाली. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसर देशातून सुटका झाल्याची ती गोष्ट. ती सांगणारी बाई चुलीपुढं पदर खोचून बसलेली. नवस फेडायला ते मलिदा करतात, त्यात पोहे, गूळ-साखर, खोबरं, सुका मेवा. नाव एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, आणि ताट आपल्या ओळखीचं.

इथपर्यंत आलो की निबंध संपवायचा मोह होतो. आपण किती उदार, शतकानुशतकं ज्यूंना इथं कुणी बोट लावलं नाही, असं म्हणून टाळी घ्यायची. हे अगदीच खोटं नाही. युरोपानं त्यांचं जे केलं ते इथं झालं नाही. पण मला ते कुलूप आठवतं. टाळी घेतली की मी पुन्हा त्या दुसऱ्याच दारापुढं उभा.

कारण 'शनिवार तेली' हे नाव प्रेमाचं होतं तसं ते उतरंडीतलंही होतं. गावानं त्यांना सामावून घेतलं ते एक जात म्हणून. तुमचा वार तुमच्याजवळ, आमचा आमच्याजवळ. तेल घेऊ, ताटाला ताट लावणार नाही. आपल्याकडची सहिष्णुता पुष्कळदा अशी असते. शब्दाच्या पोटातच 'सहन करणं' आहे. चालवून घेणं. चालवून घेतलेल्या माणसाला कुणी त्रास देत नाही, तसं कुणी काही विचारतही नाही. त्यांना स्वतःलाही ही लागण झाली. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे भेद होते आणि रोटी-बेटी तिथंच अडत होती.

मग ती माणसं 1948 नंतर इस्रायलला गेली. आपल्या माणसांत गेली असं आपण समजू. तिथं काहींना रंगावरून हिणवलं गेलं. 1951-52 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. शंभरावर माणसं खरोखरच विमानानं परत आली. त्यांतली बरीच पुढं पुन्हा तिकडं गेली. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्रायलांशी इतर ज्यूंचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. कोकणातून गेलेली ही माणसं जेरुसलेममध्ये सत्याग्रहाला बसली. 1964 साली त्यांच्या संसदेनं ठराव करून ते सर्वांच्या बरोबरीचे ज्यू असल्याचं सांगितलं. ज्या देशात ते शनिवार तेली होते, तिथूनच नेलेलं हत्यार त्यांनी तिथं वापरलं.

म्हणजे सहिष्णुता दुकानापर्यंत सहज येते, अंगणातही येते. अडते ती लग्नाच्या मांडवापाशी. हे आम्ही अहमदपूरकरांनी परक्यांकडून शिकायची गरज नव्हती. बसवेश्वरांचं कल्याण आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर. बाराव्या शतकात तिथल्या अनुभवमंटपात चांभार, धोबी, नावाडी आणि बायकाही एकमेकांना प्रश्न विचारत बसत. संवादाचं एवढं जुनं घर आमच्या अंगणात होतं. ते मोडलं ते कशानं? जन्मानं चांभार असलेल्या शरण हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं, म्हणून. चर्चा चालली होती तोवर कल्याणच्या राजाला चालत होतं.

घरांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. त्याच विझेंथाल संस्थेनं जेरुसलेममध्येही सहिष्णुतेचं संग्रहालय बांधायला काढलं. जागा होती मामिल्ला या जुन्या मुसलमान कबरस्तानाच्या हद्दीतली. खोदकामात मृतांच्या अस्थी निघाल्या, खटला वर्षानुवर्षं चालला, 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला परवानगी दिली. कायद्यानं काय ठरलं ते ठरलं. पण कुणाच्या तरी आजोबांची हाडं हलवून सहिष्णुतेची पायाभरणी, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. भाच्याला म्हटलं, "त्या इमारतीलाबी दोन दारं लावायला पाहिजेत." तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, आपल्याकडं कोणती जागा रिकामी हाय?"

प्रश्न मला लागला. आमचा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होता. 1956 साली आम्ही मुंबई राज्यात, उस्मानाबादेत आलो आणि 1982 साली लातूर जिल्ह्यात. जिल्हे बदलले तरी आठवणी बदलल्या नाहीत. आमच्या गल्लीत निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या गोष्टी सांगितल्या जात. कुणाचं घर जाळलं, कोण रातोरात सोलापूरच्या वाटेला लागलं. त्या खऱ्या होत्या. पलीकडच्या मुसलमान गल्लीत सप्टेंबर 1948 च्या, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतरच्या गोष्टी सांगितल्या जात असणार. त्याही खऱ्या होत्या. सरकारच्याच सुंदरलाल समितीनं त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांचा आकडा 27 ते 40 हजारांच्या घरात धरला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं लिहिली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. मी चाळीस वर्षं मुलांना मुक्तिसंग्राम शिकवला. दर सतरा सप्टेंबरला झेंड्याखाली भाषण केलं. समोरच्या रांगांत पलीकडच्या गल्लीतली मुलंही असायची. त्यांच्या घरी त्या दिवसाबद्दल काय बोलतात, हे मी एकालाही विचारलं नाही. त्यांच्या ईदचा शिरखुर्मा मात्र दरवर्षी खाल्ला. माझी सहिष्णुता अशी वाटीभर, गोड आणि बिनबोलती.

बेने इस्रायलांच्या जुन्या सणांची मराठी नावं किहीमकरांच्या इतिहासात आहेत. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी तो 1897 मध्ये लिहिला आणि छापून आला 1937 मध्ये. नवीन वर्षाला ते 'नव्याचा सण' म्हणत. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाला त्यांचं नाव होतं 'दारफाळणीचा सण'. म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. त्या दिवशी दारं लावून माणसं आत बसत, उपास करत, वर्षभराचा हिशेब मांडत. दुसऱ्या दिवसाला म्हणत 'शिळा सण'. त्या दिवशी गरिबांना दानधर्म आणि एकमेकांच्या घरी जाणं. ज्यूंच्या धर्मशास्त्रात या उपासाबद्दल एक कडक नियम आहे. देवाविरुद्ध केलेली चूक उपासानं धुतली जाते. माणसाविरुद्ध केलेली चूक त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय देवही माफ करू शकत नाही.

आदल्या दिवशी दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं दार वाजवायचं. लॉस एंजेलिसच्या त्या दोन दारांपेक्षा ही दोन दारं मला जास्त कळतात.

मग मी एक दार वाजवलं. मोठं काही नाही, जवळचंच. आप्पा जाऊन फार वर्षं झाली. घाण्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मागच्या खोलीत त्यांच्या सूनबाई राहतात, ऐंशी ओलांडलेल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. श्रावण होता, अंगणात आघाड्याची पानं पडली होती.

"काकू, एक इचारायचंय. आप्पा सोमवारी घाणा कामून बंद ठेवत होते?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हाताऱ्या मास्तराला झालंय काय, असं. मग म्हणाल्या, "बैलाचा वार असतो की गुरुजी तो. नंदी हाय ना त्यो. मामंजी त्या दिवशी त्याच्या मानंला तेल चोळायचे. शेकायचे. त्याच्याशी बोलायचे बी. घरात आमच्याशी बोलायचे न्हाईत तेवढं त्याच्याशी बोलायचे." आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मी मानेनं हो म्हणत होतो. पन्नास वर्षांचं कोडं चार वाक्यांत सुटलं होतं आणि उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पर गुरुजी, आमचं बी एक इचारायचं राह्यलंय. तुमची आई शनवारी आमच्याकडून तेल न्यायची न्हाई. सून म्हणून आले तवापसून बघत होते. आमच्या हातचं तिला शनवारीच का चालत नव्हतं?"

मी एकदम म्हणालो, "न्हाई हो काकू, तसलं काही नव्हतं. शनिवारी घरात तेल आणलं की शनी घरात येतो म्हणतात."

"आन् मारुतीला तेल कोणत्या वारी घालायची?"

"शनिवारीच."

"त्ये कुठून आणायची?"

मला उत्तर आलं नाही. शुक्रवारी आणून ठेवत असेल, की देवळाबाहेरून घेत असेल? का मारुतीच्या तेलाला शनी लागत नाही? काकू वाट बघत होत्या. साठ वर्षं त्यांच्या मनात एक शंका होती, की या घराला सात दिवसांतला एक दिवस आपलं तेल नको असतं. आणि आम्ही समजत होतो की गल्लीत सगळ्यांचं सगळ्यांशी बरं आहे.

"थांबा," मी म्हटलं. "नांदेडला थोरली बहीण हाय. तिला ठाऊक असंल." आणि त्यांच्याच उंबऱ्यावर बसून फोन लावला.